वॉर्ड सहाची पूर्वेची रेघ

“बाई, मालकांनी पाठवलंय,” असं म्हणत दिगूनं पेढ्यांचा पुडा थेट माझ्या नकाशावर ठेवला.

“अरे मेल्या, उचल आधी तो! तुपाचा डाग पडला तर तुझे मालक येणार आहेत का पुसायला?”

दिगूनं दात काढत पुडा उचलला आणि माझ्या हातात दिला. रणनवरे मालकांची सगळी कामं हाच करायचा, त्यांची जीप चालवण्यापासून ते लोकांची तोंडं गोड करण्यापर्यंत. रणनवरे हिंगणवेल नगरपरिषदेचे नगरसेवक, वॉर्ड सहामधून सलग तीनदा निवडून आलेले. मी त्याच नगरपरिषदेत आरेखक, म्हणजे नकाशे काढणारी. वासंती पोतदार. हातानं नकाशे काढायचा तो काळ. माझी शाईची रेघ बघून जिल्ह्याचे लोकसुद्धा ‘छापील आहे का?’ म्हणून विचारायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

“कसले रे पेढे?”

“खुशीचे. तुमची रेघ बघून मालक लई खूश झाल्यात. म्हणले, बाईच्या हातात जादू हाय.”

निवडणूक तोंडावर आली होती. गावाचे वॉर्ड नव्यानं पाडले होते आणि त्याचा कच्चा नकाशा दहा दिवसांपूर्वीच कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागला होता. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली तर सुनावणी, मग नकाशा पक्का. तो नकाशा माझ्या हातचा. एवढा मोठा माणूस आपल्या रेघेचं कौतुक करतोय म्हटल्यावर मी फुगले. आता सांगायला लाज वाटते, पण एक पेढा मी तिथंच तोंडात टाकला. केशरी होता.

“कुठली रेघ आवडली म्हणे मालकांना?”

“सहाची. पूर्वेकडची. परीट आळी बरोबर मधोमध कापलीया तुमी! मालकांना इतकी वर्सं जमलं न्हाई, ते तुमी एका रेघंत केलं.” एवढं बोलून तो गेलासुद्धा.

तो पेढा माझ्या घशात अडकला तो अडकलाच.

मी आळी कापली? मी नकाशा ओढून जवळ घेतला. वॉर्ड सहाची पूर्वेची हद्द म्हणजे ओढा. हद्द शक्यतो नदी, ओढा, मोठा रस्ता अशी धरायची, हा नियमच आहे. आणि ‘परीट आळी’ ही अक्षरं मी ओढ्याच्या पश्चिमेला सुबक काढलेली होती. आळी सगळी एका अंगाला. मग कापली कुठं?

पण एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. ओढ्याची ती रेघ मी जमिनीवर जाऊन बघितलीच नव्हती. कचेरीतल्या जुन्या कापडी नकाशावर पातळ कागद ठेवून ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. तो नकाशा तीस वर्षांपूर्वीचा. आणि आमच्या अहवालाच्या शेवटी दाखला जोडलेला, ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी करून सीमा निश्चित केल्या आहेत.’ खाली तीन सह्या. मुख्याधिकारी धनवडे साहेबांची, ओव्हरसियरची आणि माझी. तिघांपैकी एकजणही गेलं नव्हतं. मे महिन्याचं ऊन, वरून रोज जिल्ह्याचा फोन, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर माझा ताठा. वासंती पोतदारची रेघ चुकेल कशी?

संध्याकाळी पाचला कचेरी सुटल्यावर छत्री उघडली आणि परीट आळी गाठली. आठ वर्षं मी त्या गावात नोकरी करत होते, पण त्या आळीत पाऊल टाकलं नव्हतं. कपडे मी घरीच धुवायची, परटाला कधी दिले नाहीत.

आळीत शिरले ती थेट दोरांच्या जाळ्यात. या घराच्या खुंटीपासून पार त्या टोकाच्या घराच्या खुंटीपर्यंत वाळवणाचे लांबच लांब दोर, आणि त्यावर साऱ्या गावाची धोतरं, चादरी, लुगडी, पोलिसांच्या खाकी विजारी. एक पन्नाशीची, उंच, हाडापेरानं भक्कम बाई कपडे उतरवत होती.

“अहो, ओढा कुठं आहे हो इथला?” मी विचारलं.

“कुठला ओढा? जुना का नवा?”

“जुना-नवा म्हणजे?”

“जुन्यावर तर तुमी उभ्या हाय.” ती हसली. “ह्यो तुमच्या पायाखाली. मोटा पूर आलता नव्हं, त्या साली नगरपालिकेनंच ओढा सरळ केला आन तिकडं पल्याड नेला. ती बाभळीची रांग दिसतीया, तितं. हा पट्टा भरून घेतला. मग आमचीच पोरं वायली निगाली, घरं बांदली ह्याच्यावर आन त्याच्या पुडं.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझी रेघ तीस वर्षांपूर्वीच्या ओढ्यावर होती. खरा ओढा शंभर पावलं पलीकडं. आणि मधे अर्धी आळी.

“का वो, कुणाकडं आलाय?” तिनं विचारलं.

“सहज... पाहुण्यांकडं आले होते, वाट चुकले.” माझ्या तोंडून निघून गेलं.

“वाट चुकायची आळीच हाय ही आता. ह्यो दोर बगा. हिकडची खुंटी वॉर्ड सहात, तिकडची सातात. सदरा सहाचा, विजार साताची! वाऱ्यानं धोतर उडालं तर निवडणूक आयोगाला इचारून आणाय पायजे.”

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मला हसू येईना. त्या बाईचं नाव गजराबाई नागे. आळीनं या वेळी तिलाच उभी करायचं ठरवलं होतं. ओढा पलीकडं नेला तेव्हा त्यांचा धुण्याचा घाट मोडला होता, आणि नवा घाट बांधून त्याला नळ देऊ असं रणनवरे मालक तीन निवडणुका सांगत आले होते. तिन्ही वेळेला आळी फुटली. कुणी याला मत दिलं, कुणी त्याला. या वेळी पहिल्यांदा आळी एक झाली होती. चौऱ्याण्णव घरं, तीनशेच्या वर मतं. वॉर्ड सहाची निवडणूक फिरवायला तेवढी पुरेशी होती. आणि नेमकी त्याच वेळेला माझी रेघ आडवी आली. निम्मी आळी सहात, निम्मी सातात. दोन्हीकडं किंमत शून्य.

“म्या हरकत दिलीया,” गजराबाई म्हणाली. “आमी ज्याच्यावर उभं हाय त्यो ओढा न्हाई, एवडंच लिवलंय. पर ऐकतंय कोण? नकाशा म्हणं कुणी पोतदार बाई हाय, तिनं काडलाय. मालकांचा पेढा खाऊन बसलीया मेली.”

मी छत्रीची दांडी घट्ट धरली. सांगावं, की मीच ती. सांगावं, की मला माहीत नव्हतं. पण पेढा तर खाल्लाच होता, तो काही मी नाही म्हणू शकत नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक सून बाहेर आली. हातात घडी केलेलं धोतर, चेहरा उतरलेला. गजराबाईनं तिला विचारलं, “निगालीस? शिव्या देत्याल, दिऊ देत. पडतं घ्यायचं.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तिच्या हातनं धोतर बदललं. ज्याचं त्याला न्हाई गेलं. त्या गिऱ्हाइकाला अजून पत्ता न्हाई. पर आमच्यात असं हाय, कापड बदली झालं की आपण हून दारात जायाचं आन सांगायचं, ‘चुकलं’. त्यानं हुडकत यायच्या आदी. न्हाईतर उद्या कापडं कोण देईल?”

त्या पोरीची पाठ मी आळीच्या तोंडापर्यंत बघत राहिले. मग गजराबाईला ‘येते’ म्हणाले आणि तोंड लपवून घरी आले. कोण होते ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या मी धनवडे साहेबांच्या केबिनमधे.

“साहेब, सहाची रेघ चुकलीय. ओढा तिथं नाहीच. आपण हून दुरुस्ती करू या.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “पोतदार बाई, बसा. दार लोटा जरा.” मी दार लोटलं. “आता असं बघा. निम्मी परीट आळी सातामधून काढून सहात आणायची, तर सहाची लोकसंख्या वाढते. ती भरून काढायला पेठेची एक बाजू सातला द्यावी लागणार. पेठेची ती बाजू कुणाची?”

पेठेची ती बाजू म्हणजे रणनवरे मालकांचं घर, भाऊबंद, दुकानं, सगळं.

“बरं, ते जाऊ दे,” साहेब म्हणाले. “स्थळपाहणीच्या दाखल्यावर सही कुणाची? माझी आहे, कबूल. पण नकाशा तुमचा. उद्या चौकशी लागली तर पहिलं नाव कुणाचं येईल? तुमचे मिस्टर गिरणी बंद पडल्यापासून घरीच असतात ना?”

“हो.”

“मग कशाला हा उपद्व्याप? सुनावणीत ‘नकाशा अभिलेखाप्रमाणे बरोबर’ एवढंच म्हणायचं. प्रांतसाहेबांपुढं चाळीस हरकती आहेत. दहा मिनिटांत निकाल.”

मी उठून माझ्या जागेवर आले. पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी ह्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर ह्यांनी ‘तुला पटेल ते कर’ म्हटलं असतं, आणि मला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. मला कुणीतरी ‘गप्प बस’ म्हणायला हवं होतं. स्वतःशी मी काय काय नाही बोलले! म्हटलं, एका आळीनं काय आभाळ कोसळतंय. म्हटलं, मी काय मुद्दाम केलं. म्हटलं, रणनवरे नाहीतरी निवडून येणारच. अहो, माणूस स्वतःला पटवायला लागला की वकील झक मारतो.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती, सकाळी अकराला. प्रांतसाहेब ऐनापुरे मधे बसलेले, एका बाजूला धनवडे साहेब, त्यांच्याशेजारी मी, पुढ्यात नकाशाची गुंडाळी. समोर खुर्च्या भरलेल्या, मागं माणसं उभी. पहिल्या रांगेत रणनवरे मालक, पांढरेशुभ्र कपडे, कडक इस्त्री. ते कपडे धुतले कुणी असतील हा विचार माझ्या मनात आला आणि मी मान खाली घातली.

सतरावा नंबर पुकारला. गजराबाई उठली. मागोमाग आळीतले वीस-पंचवीस जण उठले. ती टेबलापाशी आली, प्रांतसाहेबांना नमस्कार केला आणि तिची नजर माझ्यावर पडली.

तिनं मला ओळखलं. छत्रीवाली, वाट चुकलेली पाहुणी. तिच्या डोळ्यांत ते मला स्वच्छ दिसलं. आता ही ओरडणार, ‘सायेब, ही बाई आमच्या आळीत येऊन डोळ्यांनी बघून गेलीया, पावणी हाय म्हणून खोटं सांगून!’ झालं. संपलं सगळं.

गजराबाईनं नजर काढून घेतली.

“काय म्हणणं आहे तुमचं?” प्रांतसाहेबांनी विचारलं.

“सायेब, आमची आळी मधनं कापलीया. नकाशात वढा दावलाय, त्यो तितं न्हाई. तितं आमच्या चुली हायती.”

“मुख्याधिकारी?”

धनवडे साहेब उभे राहिले. “साहेब, नकाशा नगरपरिषदेच्या अभिलेखाप्रमाणे आहे. नैसर्गिक सीमा धरली आहे. स्थळपाहणीचा दाखला सोबत जोडला आहे.”

प्रांतसाहेबांनी दाखला वाचला. “तीन अधिकाऱ्यांनी जाऊन पाहणी केली आहे. बाई, तुमच्याकडं काही पुरावा आहे? कागद वगैरे?”

“कागद कुठला, सायेब? घरं हायती. येऊन बगा.”

“चाळीस हरकती आहेत. प्रत्येक ठिकाणी मी जाऊन बघायचं म्हटलं तर कसं व्हायचं?” ते तसे वाईट नव्हते बोलत. दमले होते. त्यांनी पेन उचललं, म्हणजे हरकत फेटाळली असं लिहायला. मला दिसलं ते.

“सायेब, एक इचारू?” गजराबाई म्हणाली. “ही रेघ कुणी काडली?”

“या पोतदार बाईंनी.”

“मग त्यास्नीच इचारा की. त्या खोटं बोलायच्या न्हाईत.”

सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, “आता काय, चोरालाच साक्षीला बोलवलं हिनं!” रणनवरे मालकसुद्धा मिशीत हसले. तिच्याच आळीतली माणसं तिच्याकडं वेड लागल्यासारखी बघायला लागली. ती मात्र माझ्याकडं बघत होती, अगदी शांतपणे. घरातल्या मोठ्या माणसानं बघावं तशी.

“पोतदार बाई?” प्रांतसाहेब म्हणाले.

धनवडे साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

मी उठले. ‘नकाशा अभिलेखाप्रमाणे बरोबर.’ तीन शब्द. आठ दिवस पाठ केलेले. आणि खरं सांगते, ती बाई माझ्यावर ओरडली असती, मला चोर म्हणाली असती, तर ते तीन शब्द मी ठणकावून म्हटले असते. माझी तयारी शिव्या खायची होती. विश्वास खायची नव्हती.

“साहेब, रेघ चुकली आहे,” मी म्हणाले.

प्रांतसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

“मी जुन्या नकाशावरून उतरवली. ओढा आता तिथं नाही. शंभर पावलं पूर्वेला आहे. आळी सगळी अलीकडं आहे.”

“पण दाखल्यावर तुमची सही आहे. स्थळपाहणी केली म्हणून.”

“सही माझी आहे. स्थळपाहणी केली नव्हती. आठ दिवसांपूर्वी गेले, तेव्हा कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.” एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. “आणि साहेब, या रेघेबद्दल मला पेढे आले होते. एक मी खाल्ला. का आले ते माहीत नव्हतं, पण खाल्ला. बाकीचे तसेच कपाटात आहेत, मुंग्या लागल्या असतील.”

असं काही हसले लोक! प्रांतसाहेबांनीसुद्धा तोंडावर रुमाल धरला. रणनवरे मालक तेवढे हसले नाहीत, इस्त्रीला सुरकुती न पाडता उठून बाहेर गेले.

त्याच दिवशी दुपारी भर उन्हात प्रांतसाहेब आळीत आले. नकाशा माझ्या हातात. जुन्या पट्ट्यावर उभे राहिले, मग पावलं मोजत बाभळींपर्यंत गेले आणि परत आले. दोराखालून वाकून जाताना एक ओली चादर त्यांच्या डोक्यावर पडली. “ही कुठल्या वॉर्डातली?” त्यांनी विचारलं, आणि आळीतली पोरंबाळं टाळ्या पिटायला लागली. आठवड्यानं निकाल आला. वॉर्ड सहाची पूर्वेची हद्द नव्या ओढ्यावर सरकली, पेठेची ती बाजू सातात गेली. नवा नकाशा मीच काढला. या वेळी एक-एक कोपरा पायांनी चालून.

तो माझा शेवटचा नकाशा. माझ्यावर नोटीस निघाली, लेखी ताकीद मिळाली आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बदली झाली. धनवडे साहेब दुसऱ्या गावी गेले, ओव्हरसियर मात्र तिथंच राहिला, त्याला कुणी काही केलं नाही. माझं टेबल, माझी शाई, पेनं, सगळं काढून घेतलं तेव्हा मी संडासात जाऊन रडले. रडायचंच होतं ते, रेघ हा माझा प्राण होता. घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “बरं केलंस,” आणि त्या दिवशी स्वयंपाक ह्यांनी केला. भातात मीठ नव्हतं, पण मी दोनदा घेतला.

निवडणूक झाली. रणनवरे मालक सहामधूनच पुन्हा उभे राहिले आणि गजराबाई त्यांच्यापुढं सतरा मतांनी पडली.

मला वाटलं, आता सगळं वायाच गेलं म्हणायचं. तसं झालं नाही. तीनशे मतं एका गठ्ठ्यात पडलेली साऱ्या गावानं मोजणीच्या दिवशी बघितली होती. रणनवरे मालकांनीही बघितली. पुढच्या पावसाळ्याच्या आत नव्या ओढ्याच्या काठाला घाट झाला आणि त्याला दहा नळ बसले. नारळ फोडायला गजराबाईला बोलावलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती माझ्या खिडकीशी आली. नात झाली होती, तिची नोंद करायची होती. खिडकीपुढं ही लांबलचक रांग. मी फॉर्म ओढला.

“कशा आहात, गजराबाई?”

“झ्याक. तुमी?”

“माझंही बरं चाललंय. पडलात त्याचं वाईट वाटलं हो मला.”

“त्याचं काय एवडं? पडलो, पर समदी मिळून पडलो. आदी आमी पडायच्या बी लायकीचं नव्हतो.” ती मोठ्यानं हसली. “आईचं नाव लिवा, सुरेखा.”

मी लिहिलं. पण जे मनात कधीचं होतं, ते आज विचारलं नसतं तर मग कधी?

“गजराबाई, एक विचारू का? त्या दिवशी तुम्ही मला ओळखलं होतंत ना?”

“आल्या आल्या.”

“मग सांगितलं का नाहीत? मी आळीत येऊन सगळं बघून गेले होते, खोटं बोलून. ते सांगितलं असतंत तर प्रांतसाहेबांनी मला तिथल्या तिथं धरलं असतं. त्याऐवजी तुम्ही म्हणालात, या बाई खोटं बोलणार नाहीत. तुम्हाला काय माहीत? तुमची-माझी ओळख ना पाळख. मी तुमची गिऱ्हाईकसुद्धा नव्हते.”

“मला कुटलं म्हाईत असायला?” ती म्हणाली. “रातभर डोक्यात घोळत हुतं, सायेबापुडं काय बोलावं. आन तुमास्नी तितं बगितलं तवा काळजात धस्स झालं. मागनं घरची मानसं कुजबुजली, सांग, सांग, आपल्या आळीत आलती म्हणून सांग.”

“मग?”

ती थोडी पुढं वाकली. रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

“सांगितलं असतं तर तुमी ‘मी न्हाईच आले’ म्हणाला असता. चारचौगांत कोण बी म्हणंल. आन एकदा न्हाई म्हटलं की मग मानसाला हो म्हणायला तोंड ऱ्हात न्हाई, बाई. तुमाला परतायला वाटच ऱ्हायली नसती. म्हणून तुमास्नी आदी खरी म्हटलं, मग इचारलं.”

माझ्या हातातलं पेन तसंच थांबलं. इतके महिने मी स्वतःला सांगत आले होते की त्या दिवशी मी धीर केला. कसला डोंबलाचा धीर! माझं खरं बोलणं त्या बाईनं माझ्या आधी ठरवलं होतं. मी पळून जाऊ नये म्हणून नाही, मला परत येता यावं म्हणून ती आळी पणाला लावून उभी राहिली होती. ज्या बाईनं तिची आळी कापली, त्याच बाईसाठी.

मी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि तिचा हात धरला. साबणानं, पाण्यानं खरखरीत झालेला हात. बोलायला गेले तर हुंदकाच आला.

“गजराबाई, तुमचे फार उपकार आहेत हो माझ्यावर,” एवढंच कसंबसं म्हटलं.

“आवं, आसं काय करताय? उपकार कसलं त्यात!” ती गडबडली, पण हात तिनं सोडवून घेतला नाही.

मागून रांगेतला एकजण खेकसला, “ओ बाई, दाखल्याचं बगा की! तास झाला हुबा हाय.”

“थांबा जरा,” मी म्हणाले. त्या खिडकीत बसून मी कुणाला तसं म्हटल्याची ती पहिली वेळ होती. आणि तो माणूस, कोण जाणे काय समजला, पण मुकाट्यानं थांबला.